घडीची सायकल घेऊन रेल्वेने बाथला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये राहायला आलेल्या आपल्याकडच्या बहुतेकांची बाथ या गावाची सहल ठरलेली असते. आई-बाबा भारतातून आले की गाडी काढायची, पार्किंगसाठी अर्धा तास फिरायचं, रोमन बाथ्स (रोमनांच्या काळातली गरम पाण्याची स्नानगृहं) बघायचे, पुलावर फोटो काढायचा आणि परत. आम्हीही दोनदा तसंच केलं. तिसऱ्यांदा नवऱ्याने आणि मी घडीच्या सायकली घेऊन रीडिंगहून रेल्वेने जायचं ठरवलं, आणि पहिल्याच खेपेत इतका गोंधळ घातला की तो लिहून ठेवावासा वाटला. त्यानंतर चार-पाच वेळा जाऊन आलो. आता सगळं अंगवळणी पडलंय, म्हणून क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: रेल्वेत शिरल्यापासून उतरेपर्यंत तुमच्याकडे सायकल नाही, सामान आहे. बॅग जिथे ठेवाल तिथे ती ठेवायची, बॅगेची काळजी घ्याल तशी तिची घ्यायची. हे एकदा मानलं की निम्मे प्रश्न सुटतात.

१. कोणती सायकल चालते?

ब्रिटनच्या रेल्वेत पूर्ण घडी घातलेली सायकल फुकट नेता येते आणि तिच्यासाठी जागा राखून ठेवावी लागत नाही. चाकं 20 इंचांपर्यंतची हवीत आणि घडी पूर्ण हवी. अर्धवट दुमडून 'झालीच की' म्हणून चालत नाही. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून बाथला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत साध्या सायकलीसाठी मात्र आधी जागा राखावी लागते आणि त्या जागा मोजक्याच असतात. घडीच्या सायकलीचा पहिला फायदा इथेच मिळतो.

माझ्याकडे 16 इंची चाकांची ब्रॉम्प्टन आहे, सेकंडहँड. नवऱ्याची डेकॅथलॉनची 20 इंची. चालवायला त्याची जास्त आरामाची, खड्ड्यातून बरी जाते. पण घडी घातली की माझी मोठ्या सुटकेसएवढी होते आणि त्याची शिलाई मशीन उचलून आणल्यासारखी दिसते. नवीन घेणार असाल आणि रेल्वे हाच मुख्य हेतू असेल, तर चालवण्याआधी दुकानात तिची घडी घालून, उचलून, दहा पायऱ्या चढून बघा. अकरा-बारा किलो कागदावर काहीच वाटत नाही.

बॅटरीवरची घडीची सायकल असेल तर त्या रेल्वे कंपनीचे त्या दिवसाचे नियम वाचूनच निघा. बॅटऱ्यांना आगी लागण्याच्या घटनांनंतर हे नियम सारखे बदलताहेत. लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, साधी घडीची सायकल कोणत्याही वेळी चालते, अर्थात घडी घालूनच.

२. तिकीट आणि वेळ

स्टेशनचं नाव बाथ स्पा. पॅडिंग्टनहून साधारण दीड तास, रीडिंगहून तासभर. वाटेत स्विंडन, चिपनहॅम. चिपनहॅम सोडलं की बॉक्स बोगदा लागतो, जवळजवळ तीन किलोमीटरचा, ब्रुनेल या इंजिनियरने बांधलेला, 1841 पासून वापरात आहे. बोगदा संपला की पाच-सात मिनिटांत उतरायचंय, तेव्हा तो आला की आवराआवर सुरू करा. ही आमची घड्याळाहून पक्की खूण आहे.

तिकिटाबाबत तीन गोष्टी:

दोघं मिळून जाणार असाल तर टू टुगेदर रेलकार्ड काढा. दोघांच्या भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. कार्डावर दोघांची नावं आणि फोटो असतात, दोघांनी एकत्रच प्रवास करायचा, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही. एकदा मंगळवारची सुट्टी बघून आम्ही नऊ बाराची गाडी पकडायला निघालो होतो. फलाटावर हे लक्षात आलं. वीस मिनिटं कॉफी पीत बसलो.

अॅडव्हान्स तिकीट स्वस्त, पण ते त्याच गाडीला बांधलेलं. जाताना ते घ्यायला हरकत नाही. परतीचं मात्र ऑफ-पीक घ्या, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून कुठल्याही गाडीला चालणारं. सायकलवर निघालेला माणूस किती वाजता परतेल हे पंक्चर, पाऊस आणि वाटेतलं केकचं दुकान ठरवतं.

आणि शनिवार-रविवारी रुळांची कामं चालू आहेत का, ते आदल्या रात्री बघा. कामं असली की रेल्वेऐवजी बस देतात. बसमध्ये घडीची सायकल घ्यायची की नाही हे बऱ्याचदा ड्रायव्हरच्या मर्जीवर. पिशवीत घातलेली असेल तर तो सहसा बसच्या पोटात सामान ठेवायची जागा दाखवतो. उघडी, चेनला ग्रीस लागलेली असेल तर मान हलवतो.

३. बरोबर काय घ्यायचं

कागदपत्रं थोडीच:

- तिकीट आणि रेलकार्ड, दोन्ही फोनमध्ये. फोन संपला तर तिकीटही संपलं, म्हणून छोटी पॉवर बँक.
- रोमन बाथ्सचं वेळ ठरवलेलं तिकीट. आधी ऑनलाइन काढा, शनिवार-रविवारी तर नक्कीच. विद्यार्थी असाल तर ओळखपत्र घ्या.

सामान:

- सायकल झाकायला पिशवी. आयकियाची झिपवाली मोठी निळी पिशवी ब्रॉम्प्टनला छान बसते, आणि सायकलवर असताना तिची घडी पाठपिशवीत मावते.
- चांगलं कुलूप, शक्यतो दोन.
- पुढे पांढरा, मागे लाल दिवा. अंधारात हे कायद्याने लागतात. आठव्या भागातल्या बोगद्यांच्या रस्त्याने जाणार असाल तर भर दुपारीही लागतील.
- तुमच्या चाकाच्या मापाची ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप. 16 इंची ट्यूब गावातल्या कुठल्याही दुकानात मिळेल असं धरून चालू नका.
- जुना पंचा. चेनचे डाग, ओली सीट, हात पुसणं, सगळ्याला एकच.
- घंटी. कालव्याकाठी हिच्याशिवाय जाऊ नका.
- डबा. दशम्या आणि कोरडी चटणी सायकलच्या पिशवीत सगळ्यात चांगली टिकते. पोहे नेऊन बघितले, ते झाकण उघडून पंपाला लागले.

हेल्मेटची सक्ती इथे नाही. मी घालते. रस्ता डावीकडूनच, म्हणजे आपल्यासारखा. फुटपाथवर मात्र सायकल चालवायची नाही.

४. घरी घडी घालायचा सराव

हे वाचून हसाल, पण करा. पहिल्या खेपेला मी रीडिंगच्या फलाटावर सायकलीशी झटत होते आणि गाडी समोर उभी. ब्रॉम्प्टनचा क्रम असा: मागचं चाक खाली दुमडायचं, पुढचा भाग वळवून मागच्या शेजारी आणायचा, हँडल पाडायचं आणि शेवटी सीट पूर्ण खाली दाबायची. सीट खाली गेली की घडीला कुलूप बसल्यासारखं होतं. मी सीट खाली करायलाच विसरले होते. उचलली आणि सायकल हातातच उलगडली, आडवी होऊन एका आजोबांच्या पायावर. आजोबांनीच 'सॉरी' म्हटलं, इथल्या रीतीप्रमाणे.

दिवाणखान्यात दहा वेळा करा. डोळे मिटून जमायला हवं. आणि चेन तुमच्या पायाच्या विरुद्ध बाजूला राहील अशी धरायची सवय लावा, नाहीतर फिकट रंगाची पँट गेलीच समजा.

५. फलाटावर आणि डब्यात

घडी फलाटावर यायच्या आधी घाला. गाडी दिसल्यावर घालायला घेऊ नका.

आता सगळ्यात मोठा सापळा. या मार्गावर कधी कधी पाच-पाच डब्यांच्या दोन गाड्या जोडून एक गाडी करतात. बाहेरून दहा डब्यांची एकच दिसते, पण मधून पलीकडे जाता येत नाही. तुमची राखीव सीट पुढच्या गाडीत आणि तुम्ही मागच्या गाडीत चढलात, तर पुढच्या थांब्यावर उतरून धावण्याशिवाय इलाज नाही. सायकल हातात घेऊन हे आम्ही स्विंडनला केलंय. फलाटावरच्या फळ्यावर डब्यांची अक्षरं दिलेली असतात. ती बघून बरोबर जागी उभे राहा.

डब्यात शिरल्यावर दाराजवळच्या सामानाच्या मांडणीचा खालचा खण गाठा. तिथे सायकल उभी ठेवा, पेडल आतल्या बाजूला. वरच्या फळीवर चढवायला जाऊ नका. खालचा खण भरला असेल तर दोन सीटच्या पाठींमधली फट बघा, काही डब्यांत ती असते. दारातल्या मोकळ्या जागेत ठेवायचा मोह होतो. तिथे ठेवलीत तर प्रत्येक स्टेशनला उठून उभं राहावं लागेल, कारण दार कोणत्या बाजूचं उघडेल याचा भरवसा नाही.

पिशवीत घातलेल्या सायकलीकडे कोणी ढुंकून बघत नाही. उघड्या सायकलीकडे लोक बघतात, मग तिच्यावर सुटकेस टाकायला कचरतात, मग तुमच्याकडे बघतात. पिशवी घ्या.

६. बाथमध्ये पहिला तास

स्टेशनच्या पुढच्या दाराने बाहेर पडलात की रोमन बाथ्स चालत दहा मिनिटांवर. सायकल उलगडायची घाई करू नका. मधला भाग पायी फिरायचा आहे, गर्दीचा आहे, आणि ॲबीसमोरच्या (गावातल्या मोठ्या चर्चसमोरच्या) फरशांवर छोटी चाकं दात खिळखिळे करतात. ढकलत न्या.

आणि नकाशा बघून फसू नका. बाथ वाडग्यासारखं आहे, तळाला नदी आणि सगळीकडून चढ. रॉयल क्रिसेंट नकाशात अगदी हाकेच्या अंतरावर दिसतो. 1767 ते 1774 च्या दरम्यान बांधलेली तीस घरांची ती चंद्रकोर बघायलाच हवी, पण तीन गियरच्या सायकलवर तिथे जाताना मी अर्ध्यात उतरले. लॅन्सडाउनच्या टेकडीचं तर नावच नको.

७. रोमन बाथ्स, आणि सायकलीचं काय करायचं?

संग्रहालय तुमची सायकल सांभाळेल असं गृहीत धरू नका. स्टेशनवर सामान ठेवायची सोय होईल असंही धरू नका. आमचा उपाय: दोघं असाल तर सायकली एकमेकींना आणि स्टँडला अशा दोन कुलपांनी बांधायच्या, उलगडलेल्या अवस्थेत. घडी घातलेली सायकल चोराला काखेत मारून न्यायला सोपी. दिवे, पंप, पिशवी काढून बरोबर न्या. स्टँड वर्दळीचा निवडा.

कुलपावर इतका जोर का देते, ते आत गेल्यावर कळेल. रोमनांनी या गावाला नाव दिलं होतं अॅक्वे सुलिस, म्हणजे सुलिसचं पाणी. सुलिस ही इथली मूळची देवी. रोमन आले, त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडून टाकलं आणि झऱ्याशेजारी देऊळ बांधलं. वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आणि देवी शेजारी शेजारी बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आईने तर आत शिरताच विचारलं, ''देवीची ओटी कुठे भरतात?''

तर या देवीच्या झऱ्यात लोक शिशाच्या पातळ पत्र्यावर मजकूर कोरून, गुंडाळून टाकत. असे सुमारे 130 पत्रे सापडले आहेत. नवस नाहीत, शाप आहेत, आणि बरेचसे चोरांना दिलेले! डोसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीवाला अंगरखा चोरीला गेला होता. त्याने देवीला लिहिलंय की चोर पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, तो अंगरखा देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस, मूलबाळ होऊ देऊ नकोस. दुसऱ्या एकाचे अंघोळीचे कपडे गेले होते. कपडे काढून पाण्यात उतरायचं आणि बाहेर आल्यावर ते जागेवर नाहीत, ही तक्रार सतराशे-अठराशे वर्षं जुनी आहे. हा विभाग घाईने ओलांडू नका. बाहेर कुलूपबंद सायकल असेल तर जास्तच जिव्हाळ्याने वाचाल.

झऱ्यातून दिवसाला सुमारे 11 लाख 70 हजार लिटर पाणी येतं, 46 अंशांचं. मोठ्या कुंडाचा तळ अजूनही रोमनांच्या शिशाच्या पत्र्यांचा आहे, आणि पाणी तिथून आजही वाहतंय. त्या पाण्यात हात घालायचा नाही. हिरवं, वाफाळतं, तीर्थासारखं दिसतं, पण शुद्ध केलेलं नाही. 1978 मध्ये बाथच्या झऱ्याच्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा अमीबाच्या संसर्गाने मृत्यू झाला, तेव्हापासून तिथे अंघोळ बंद आहे. मुलं बरोबर असतील तर हात धरून ठेवा. पाण्याची चव बघायचीच असेल तर शुद्ध केलेलं पाणी चाखायला मिळतं. कोमट, आणि खिळे भिजत घातलेल्या पाण्यासारखं. अंग बुडवायचं असेल तर जवळच 2006 मध्ये सुरू झालेलं थर्मे बाथ स्पा आहे, तिथे वेगळे पैसे.

कठड्यावर ओळीने उभे असलेले रोमन पुतळे बघून भारावून जाऊ नका. ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसवलेले आहेत. दोन तास हाताशी ठेवा.

८. आता सायकल: कोणत्या रस्त्याने?

तीन चांगले रस्ते आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने पहिलाच घ्यावा.

केनेट आणि एव्हन कालव्याने ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत. साधारण दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर. स्टेशनच्या मागच्या बाजूला नदीवर पादचारी पूल आहे, तो ओलांडला की विडकमला कालवा सुरू होतो. सुरुवातीला लॉकच्या (होड्यांना वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारं असलेल्या हौदांच्या) शेजारून चढ आहे. त्यातलं एक लॉक जवळजवळ सहा मीटर खोल आहे, काठावरून डोकावलं की विहिरीत बघितल्यासारखं वाटतं. वर पोहोचलात की दमायचं काम संपलं. सगळ्यात वरच्या लॉकपासून ब्रॅडफर्डपर्यंत कालव्याला एकही लॉक नाही. लॉक नाही म्हणजे पाण्याची पातळी बदलत नाही, आणि काठचा रस्ता पाण्याबरोबर सपाट जातो. चढांच्या गावात ही चैन आहे.

वाटेत सिडनी गार्डनचे छोटे बोगदे, मग बाथॅम्प्टन, मग डंडस जलसेतू. 1805 मध्ये पुरा झालेला हा दगडी पूल कालव्याला उचलून नदीच्या पलीकडे नेतो. खाली नदी, वर होड्या, ही कल्पना डोक्यात बसायला मला काठावर बसून एक दशमी खावी लागली. पुढे एव्हनक्लिफलाही असाच जलसेतू. तिथे कालव्याची वाट बाजू बदलते, पुलाखालून पलीकडे जायचं. पाटी चुकलात तर कोणाच्या तरी अंगणात पोहोचाल.

काठावर घरासारख्या होड्या बांधलेल्या असतात, छतावर लाकडं, कुंड्या, मांजर. वाट अरुंद आहे आणि चालणाऱ्यांचा हक्क पहिला. घंटी वाजवा, वेग कमी करा, कमानीखाली उतरून ढकला. पाऊस पडून गेल्यावर काही ठिकाणी चिखल असतो, आणि 16 इंची चाक चिखलात वळत नाही, घसरतं. मी घसरले, कालव्याच्या विरुद्ध बाजूला, ही देवीचीच कृपा.

ब्रॅडफर्डला चौदाव्या शतकातलं धान्याचं प्रचंड कोठार आहे. ते बघा, चहा घ्या, सायकलीची घडी घाला आणि स्टेशनवर जाऊन पंधरा मिनिटांत रेल्वेने बाथला परत या. एकेरी सायकल, परतीला रेल्वे, हे घडीच्या सायकलीचं खरं सुख. मध्येच दम संपला तर एव्हनक्लिफलाही इवलंसं स्टेशन आहे. तिथे गाडी आपोआप थांबत नाही, एस.टी.ला करतो तसा हात करावा लागतो.

दुसरा, टू टनेल्स. बंद पडलेल्या रेल्वेच्या दोन बोगद्यांतून 2013 पासून सायकली जातात. कूम डाउनचा बोगदा 1,672 मीटर लांब. आत मंद दिवे, मध्यभागी संगीत आणि उन्हाळ्यातही गारवा. जाकीट ठेवा. वाफेच्या इंजिनांच्या काळी हा बोगदा कुप्रसिद्ध होता. 1929 मध्ये धुराने इंजिनावरची माणसं बेशुद्ध पडली आणि मालगाडी बाथच्या यार्डात जाऊन आदळली. बोगद्यांतून पुढे मिडफर्ड, तिथून डंडस आणि कालव्याने परत बाथ असं तेरा मैलांचं कडं पुरं होतं. या वाटेसाठी ओल्डफील्ड पार्क हे छोटं स्टेशन जास्त जवळचं, पण तिथे फक्त स्थानिक गाड्या थांबतात.

तिसरा, जुन्या रेल्वेमार्गावरून ब्रिस्टल. तेरा मैल, डांबरी, चिखल नाही. सुरुवात गावाबाहेर न्यूब्रिजकडे आहे. मुलांबरोबर उत्तम, पण रोमन बाथ्स आणि हे एकाच दिवसात कोंबू नका.

९. परतताना

रविवारी संध्याकाळी लंडनकडच्या गाड्या भरून येतात. साडेचारच्या आत किंवा जेवून सातनंतर निघा. घडी घालण्याआधी स्टेशनबाहेर चाकांचा चिखल पंच्याने पुसून काढा, नाहीतर तो पिशवीत आणि पिशवीतून डब्याच्या गालिच्यावर येतो. आणि घरी पोहोचल्यावर कितीही कंटाळा आला तरी सायकल पिशवीतून बाहेर काढून ठेवा. आम्ही एकदा तशीच ठेवली, पुढच्या शनिवारी झिप उघडली तर चेन गंजून लाल आणि मध्ये विसरलेला दशम्यांचा डबा.